घाण्याचं तेल: किती निघावं, फेस का येतो आणि घरात किती लागावं

प्रश्न थोडक्यात असा. सातारा भागातल्या एका ताईंनी घरच्या उन्हाळी शेंगा फोडून १५ किलो दाणे लाकडी घाण्यावर दिले. सहा लिटर तेल आणि साडेआठ किलो पेंड घरी आली. तेल कमी निघालं, असं सासूबाईंचं म्हणणं. पुऱ्या तळताना कढईत फेस वर आला, फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली गोठली, म्हणून भेसळीची शंका. त्यातच यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. कोणी म्हणतं रिफाइंड सूर्यफूल आणा, कोणी करडई, कोणी खोबरेल. मी आधी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तेलं तपासायचो, आता घाणा चालवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगता येईल.

ताई, आधी सासूबाईंचा हिशोब मिटवू. दाणे तुम्ही किलोत मोजलेत आणि तेल लिटरमध्ये. एक लिटर शेंगदाणा तेल भरतं साधारण ९१५ ग्रॅम. म्हणजे तुमचं सहा लिटर तेल झालं साडेपाच किलो, दाण्याच्या वजनाच्या सदतीस टक्के. चांगल्या भरलेल्या दाण्यात ४५ ते ४८ टक्के तेल असतं. त्यातलं सगळं घाण्यात कधीच निघत नाही. पेंडीत शेकडा दहा-बारा तेल राहतंच. माझ्याकडे चांगल्या मालाला ३८ ते ४० टक्के उतारा पडतो. म्हणजे तुम्हाला आणखी दोन-चारशे ग्रॅम मिळू शकलं असतं, दोन-चार किलो नव्हे. तेल आणि पेंड मिळून १४ किलो झाले, उरलेला किलोभर गाळात, ओलीत आणि घाण्याच्या लाकडात गेला. घाणेवाल्याने फसवलेलं दिसत नाही.

उतारा कमी पडायची कारणं बहुतेक वेळा घाण्याबाहेरची असतात. शेंग लवकर उपटली तर दाणा सुरकुततो आणि त्यात तेलच पूर्ण तयार झालेलं नसतं. दाणा ओला असेल तर तो लाटेखाली, म्हणजे घाण्यात फिरणाऱ्या लाकडी दांड्याखाली, चिकट गोळा होतो, तेल सुटत नाही. अगदीच कडक सुकवला तर भुगा होऊन भिंतीला पेंड बसत नाही. मग आम्ही कोमट पाण्याचा हबका मारतो. या हबक्याने तेलात पाणी मिसळलं असा लोकांचा समज होतो, पण तो पेंड बांधण्यासाठी असतो. पेंड घट्ट बसल्याशिवाय लाटेचा दाब दाण्यावर येत नाही. तमिळनाडूत तिळाच्या घाण्यात ताडगूळ घालतात, तोही यासाठीच. हिवाळ्यात सकाळचा पहिला घाणा थंड लाकडामुळे कमी देतो. म्हणून दाणे आणताना अर्धा दिवस उन्हात तापवून आणा आणि जमलं तर दुपारची वेळ घ्या.

घाण्यावर गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या आधी यात काय काढलं? लाकूड तेल पितं. आधी तीळ काढला असेल तर शेंगदाण्याच्या तेलाला थोडा तिळाचा वास येईल, त्यात बिघडत काही नाही. पण काही ठिकाणी त्याच घाण्यात करंज, कडुनिंबाच्या निंबोळ्या किंवा एरंडी काढून देतात. अशा घाण्यात खायचं तेल काढू नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. आणि घाणा चार दिवस बंद असेल तर लाकडाच्या भेगांत अडकलेली जुनी पेंड खवट झालेली असते. तुमचा पहिला घाणा ती धुऊन काढतो आणि तो खवटपणा तुमच्या डब्यात येतो.

आता मी ज्यावर अडून बसतो ते सांगतो. लोक घाण्याचं लाकूड बाभळीचं की चिंचेचं, फेरे मिनिटाला किती, तापमान किती, हे विचारतात. दाणे कसे आहेत हे फार थोडे विचारतात. तेलाचा दर्जा ऐंशी टक्के घाण्यावर यायच्या आधी ठरलेला असतो. घाणा चांगल्या दाण्याचं तेल बिघडवणार नाही एवढंच करू शकतो. वाईट दाण्याचं चांगलं तेल तो करू शकत नाही.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बुरशीची. शेंगदाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे यकृतावर घाला घालणारं, कर्करोगकारक विष आहे. त्याचा शोध लागला तो १९६० साली इंग्लंडमध्ये, ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड खाऊन लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा. शिजवून, तळून ते जात नाही, कारण स्वयंपाकाच्या तापमानाला ते टिकून राहतं. तेल काढताना त्यातलं बहुतांश पेंडीत जातं ही खरी गोष्ट आहे, पण थोडा भाग तेलात उतरतो आणि तेल न गाळता भरलं तर गाळाच्या बारीक कणांबरोबर आणखी येतो. रिफायनरीत कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंग माती यांच्या पायऱ्यांत ते निघून जातं. रिफाइंड तेलाच्या बाजूने बोलायचं झालं तर मी हा मुद्दा पहिला मांडेन, आणि लाकडी घाण्याच्या जाहिराती करणाऱ्यांनी तो लपवू नये असं मला वाटतं.

म्हणजे घाण्याचं तेल खाणाऱ्याला दाण्याची निवड स्वतः करावी लागते. ती अवघड नाही. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, ते थोड्याशा खराब दाण्यांत एकवटलेलं असतं. सुरकुतलेले, काळे पडलेले, साल विटलेले, किडीने भोक पाडलेले, हिरवट-पिवळी पूड दिसणारे दाणे निवडून काढले की धोक्याचा मोठा भाग गेला. दहा-वीस दाणे दुभंगून आत बघा. दोन पाकळ्यांच्या मध्ये राखाडी किंवा पिवळट छटा असेल तर ते पोतं नको. निवडलेले खराब दाणे जनावराला घालू नका, कारण गाई-म्हशीने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. पेंडीलाही तेच लागू आहे: पेंड ओलसर कोपऱ्यात ठेवून बुरशी धरली की ती उकिरड्यावर टाकायची.

शेतातच काळजी घेतली तर निवडायला फार काही उरत नाही. उपटल्यावर शेंगा वेलासकट उलट्या करून सुकवा, तोडल्यावर पुन्हा ऊन द्या. दाण्यातली ओल आठ टक्क्यांच्या खाली यायला हवी. हातात घेऊन शेंग हलवली की खुळखुळ वाजते आणि दाण्याचं साल बोटाने चोळल्यावर सुटतं, ती वेळ. कुदळीने फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढा. आणि फोडणी यंत्रावर नेताना सावध राहा. दाणे तुटू नयेत म्हणून यंत्रवाले शेंगांवर आदल्या रात्री पाणी मारतात. आख्ख्या दाण्याला भाव चांगला मिळतो, त्यामुळे व्यापाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तुमचा माल तेलासाठी आहे, तुटला तरी काय बिघडतं? कोरड्याच फोडून द्या म्हणून सांगा. ओले फोडलेले दाणे पोत्यात भरून आठवडाभर ठेवले की बुरशीला आयतं घर मिळतं.

जातींबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. एसबी-११, जळगावची फुले प्रगती म्हणजेच जेएल-२४, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोला यांच्या नावाने आलेली टीएजी-२४, या आपल्याकडच्या ओळखीच्या उपट्या, म्हणजे न पसरता उभ्या वाढणाऱ्या, जाती. तेलाच्या टक्केवारीत त्यांच्यात थोडाफार फरक पडतो, पण दाणा भरला की नाही याचा फरक जातीपेक्षा मोठा असतो. उन्हाळी शेंगेला पाणी हातात असतं आणि काढणी पावसाआधी झाली तर वाळवणीही नीट होते. तेलासाठी मी उन्हाळी शेंगेला झुकतं माप देतो.

फेसाचं कारण भेसळ नाही. कच्च्या तेलात फॉस्फोलिपिड नावाचे चिकट पदार्थ असतात, आमच्या भाषेत गम. शिवाय ओलीचा अंश आणि दाण्याचे बारीक कण. तेल तापलं आणि ओली पुरी आत गेली की वाफेचे बुडबुडे या गममुळे फुटत नाहीत, वर चढतात. रिफायनरीत पहिली पायरी हे गम काढण्याचीच असते, म्हणून रिफाइंड तेल स्वच्छ उकळल्यासारखं दिसतं. तुमचं तेल बहुधा काढल्याच्या दिवशीच डब्यात भरलं गेलं. ते स्टीलच्या पिंपात तीन-चार दिवस हलवाहलव न करता ठेवायचं, वरचं नितळ तेल ओतून जाड सुती कापडातून गाळायचं. तळाचा गाळ मोह सोडून बाजूला काढायचा. तरीही पहिल्या तळणीला थोडा फेस येईल. कढई अर्ध्याच्या वर भरू नका, कारण हा फेस उतू जाऊन पेट घेतो आणि तिथे खरा अपघात होतो.

फ्रिजमधली परीक्षा तर साफ सोडून द्या. शेंगदाणा तेल गोठतं म्हणजे त्यात पामतेल आहे, असा संदेश मोबाइलवर फिरतो. शेंगदाणा तेलात पामिटिक आम्लाबरोबर वीस, बावीस, चोवीस कार्बनच्या लांब साखळ्यांची संपृक्त मेदाम्लं (तेल ज्यांचं बनतं त्यांतले लवकर घट्ट होणारे घटक) थोड्या प्रमाणात असतात आणि ती थंडीत आधी घट्ट होतात. उलट शेंगदाणा तेल ओळखायची प्रयोगशाळेतली जुनी बेलियर चाचणी याच गुणावर उभी आहे. तेलाचा साबण करून, आम्ल आणि अल्कोहोल घालून हळूहळू थंड करायचं आणि कुठल्या तापमानाला गढूळ होतं ते बघायचं. शुद्ध शेंगदाणा तेल ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान गढूळतं. सूर्यफूल किंवा करडईची भेसळ असेल तर हा आकडा खाली येतो. घरी हे करता येत नाही, पण काही जिल्ह्यांच्या ठिकाणी अन्न तपासणी प्रयोगशाळा असतात. शंका मोठी असेल तर नमुना तिथे द्यावा.

भेसळ ओळखायचा दुसरा मार्ग पाटी-पेन्सिलीचा. दाण्याचा भाव किलोला १२० रुपये धरा. दहा किलोचे १,२०० रुपये. काढायची मजुरी किलोला १५ रुपयांनी १५०. तेल निघालं चार किलो, म्हणजे जवळपास ४.४ लिटर. साडेपाच किलो पेंड ४० रुपयांनी विकून २२० परत आले. उरले १,१३०, म्हणजे लिटरला साधारण २५७ रुपये. यात बाटली, जागा, वीज, वाहतूक, नफा काहीच धरलेलं नाही. तुमच्या गावचे भाव घालून हीच आकडेमोड करा. यापेक्षा पाऊणपट किमतीला कोणी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल देत असेल तर त्याने एकतर दाणे फार वाईट घेतले, किंवा दाण्यांऐवजी स्वस्त तेलाचं पिंपच घेतलं.

घाण्याची बाजू घेतो म्हणून सगळं तेल घाण्याचंच असावं असं मात्र मी म्हणणार नाही. सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते रिफाइन केल्याशिवाय खाताच येत नाही. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के, ते घाण्यात परवडत नाही. हेक्झेनमध्ये, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या एका द्रवात, भिजवून काढतात आणि मग हेक्झेन उडवून लावतात. रिफायनिंग म्हणजे तेलात रसायनं राहतात, ही समजूतही फारशी खरी नाही. सोडा धुऊन निघतो, माती गाळून निघते. शेवटी निर्वात टाकीत २३० ते २६० अंशांना वाफ सोडून वास काढतात, तिथे चव, रंग आणि ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. पण तेलातली मेदाम्लं मात्र जवळपास तीच राहतात. शेंगदाण्याचं रिफाइंड आणि शेंगदाण्याचं घाण्याचं, दोन्हींत संपृक्त किती, असंपृक्त किती, याचं उत्तर एकच. रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने दोघांत निवड करण्यासारखं काही नाही. त्यामुळे केवळ रिफाइंड आहे म्हणून यजमानांसाठी ते आणण्यात अर्थ नाही, आणि घाण्याचं आहे म्हणून ते औषध होत नाही.

फरक पडतो तो बियाणं बदललं की. सगळी तेलं आणि तूप म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्लं जोडलेली. संपृक्त मेदाम्लाची साखळी सरळ असते, त्यामुळे ताटांच्या चळतीसारखी एकावर एक बसते आणि तेल थंडीत घट्ट होतं. असंपृक्त साखळीला बाक असतो, ती नीट रचली जात नाही, म्हणून तेल पातळ राहतं. खोबरेल तेलात नव्वद टक्के संपृक्त, म्हणून ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. तुपात साठ-पासष्ट टक्के, पामतेलात निम्मं, शेंगदाण्यात अठरा-वीस टक्के, तिळात पंधराच्या आसपास, सूर्यफूल आणि करडईत दहा-बाराच्या आत. कोकणात कोकमाच्या बियांपासून जे मुठेल काढतात, पायाच्या भेगांना लावतात ते, त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं. ते हातात घट्ट राहतं आणि अंगाला लागलं की विरघळतं, कारण त्याचा वितळबिंदू शरीराच्या तापमानाजवळ आहे.

संपृक्त जास्त खाल्लं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं. त्याच्या जागी असंपृक्त खाल्लं की उतरतं. पोषणशास्त्रातल्या पक्क्या गोष्टींपैकी ही एक. त्यामुळे यजमानांना खोबरेल तेल सुचवणाऱ्याचं ऐकू नका. कोकणात आणि गोव्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण घालून करतात तसं कालवण कधीतरी करण्याला माझी ना नाही, पण कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी म्हणून खोबरेल पिणं हा उलटा उपाय आहे. करडई सुचवणाऱ्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे. करडईच्या तेलात पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक नावाचं असंपृक्त मेदाम्ल असतं, रोजच्या खाण्यातल्या तेलांत बहुधा सर्वांत जास्त. मराठवाडा, सोलापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या हे रोजचं तेल होतं. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळेना, पीक मागे पडलं. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याच्या जाती दिल्या, तरी जुना पेरा परत आला नाही. बी कठीण सालीचं असल्याने घाण्यात उतारा कमी पडतो, म्हणून तेल महाग.

पण करडईला एक खोड आहे. जितकी असंपृक्तता जास्त तितकं तेल हवेला, उजेडाला आणि उष्णतेला हळवं. करडईचं तेल वारंवार तापवलं की कढईच्या काठाला जो चिवट, लाखेसारखा थर बसतो तो याच गुणाचा. म्हणून तळणीला शेंगदाणा, फोडणी-भाजीला करडई, असं मी घरी ठेवतो. तीळतेल या बाबतीत न्यारं आहे. अर्ध्याच्या जवळपास लिनोलेइक असूनही ते टिकतं, कारण त्यातलं सेसमॉल आणि त्याची भावंडं तेलाला खवट होऊ देत नाहीत. या सेसमॉलच्या कुळातल्या द्रव्यांमुळेच एक गमतीची गोष्ट घडली होती. वनस्पती तुपात पाच टक्के तीळतेल घालण्याचं बंधन आपल्याकडे एकेकाळी कायद्याने होतं. साजूक तुपात वनस्पती मिसळलं की बोदुआं चाचणीत गुलाबी रंग येऊन चोर सापडायचा.

वनस्पतीचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या यजमानांच्या बाबतीत खरी शोधाशोध तिथे करा. डालडा १९३७ साली आपल्याकडे आलं. पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं ही पद्धत, आणि ते अर्धवट केलं की ट्रान्स मेदाम्लं तयार होतात. ही एलडीएल वाढवतात आणि चांगलं कोलेस्टेरॉल घटवतात, दोन्हीकडून मार. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. कारखान्यांनी मग बहुतेक ठिकाणी पामतेलाची वाट धरली. ट्रान्स गेलं हे चांगलंच, पण पाम निम्मं संपृक्त. खारी, बटर, बिस्किट, फरसाण, शेव, बेकरीचा केक यांच्या पाकिटावर घटक वाचा: पामोलिन किंवा वनस्पती तेल बहुधा सापडेल. घरात शुद्ध घाण्याचं तेल आणि चहाबरोबर रोज चार खारी, हे मी अनेक घरांत बघतो. पाकिटावरच्या ‘कोलेस्टेरॉल मुक्त’ या शब्दांनाही भुलू नका. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात मोजण्यासारखं कोलेस्टेरॉल नसतंच, डालड्यातही नव्हतं.

ओमेगा-३ या असंपृक्त मेदाम्लांसाठी महाग बाटल्या घेऊ नका. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३, असतं, पण तेल म्हणून ते इतक्या लवकर खराब होतं की रंगारी आणि सुतार त्याचा उपयोग सुकणारं तेल म्हणून करत आले आहेत. ते गॅसवर तर चढवूच नका. बी स्वतःच उत्तम डबा आहे, आतलं तेल महिनोन्‌महिने चांगलं राहतं. विदर्भात, मराठवाड्यात करतात तशी जवसाची चटणी थोडी-थोडी कुटून ठेवा. एक मोठा चमचा भरडलेल्या जवसातून दीड-दोन ग्रॅम अल्फा लिनोलेनिक मिळतं, दिवसाला तेवढं पुष्कळ झालं. कारळ्याच्या चटणीची चव मला जास्त आवडते, पण ओमेगा-३ तिच्यात नगण्य.

आता किती खावं. कुठलंही तेल, घाण्याचं असो वा डब्यातलं, ग्रॅमला नऊ कॅलरी देतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरीच्या आहारात वरून घालायचं तेल-तूप माणशी रोज पंचवीस-तीस ग्रॅमच्या आत बसवायचं. चमच्यांत सांगायचं तर पाच मिलीचे पाच ते सहा चमचे, त्यात पोळीवरचं तूपही आलं. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी दिवसाला तीस ग्रॅम होतात, आणि त्यात तूप, बाहेरचं खाणं धरलेलं नाही. यजमानांसाठी मी घराचा आकडा तीन लिटरवर आणायला सांगेन. मोजायचं कसं? महिन्याचं तेल एक तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवा. चमचा मोजण्यापेक्षा हे सोपं आणि यात कोणाला स्वतःला फसवता येत नाही.

न दिसणारं तेलही असतं. शंभर ग्रॅम दाण्यात पंचेचाळीसच्या पुढे ग्रॅम तेल, हे आपण वर पाहिलंच. साबुदाण्याच्या खिचडीत माणशी अर्धी वाटी कूट, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम दाणे पडले की बावीस-चोवीस ग्रॅम तेल फोडणीआधीच आत गेलं. दाणे खाऊ नका असं नाही. तेलाच्या जोडीला प्रथिनं आणि चोथा देणारा तो चांगला पदार्थ आहे. उपवासाच्या दिवशी बरणीतलं तेल कमी घ्या एवढंच. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तेल बदललं म्हणून ती बंद करू नका. खाण्यातल्या बदलाने एलडीएल उतरतं, पण किती उतरतं ते माणसागणिक वेगळं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तळणीबद्दल. न शुद्ध केलेल्या तेलाचा धूर रिफाइंडच्या आधी येतो, कारण त्यात सुटी मेदाम्लं आणि दाण्याचे कण असतात. पुरी-वड्याला १७० ते १८० अंश पुरतात. तेल तापून धूर दिसायला लागला तर आच जास्त झाली. कमी करा, तसंच तळत राहू नका. उरलेलं तेल गार झाल्यावर गाळा, त्यातली जळकी कणी काढून टाका, दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा. पुन्हा पुन्हा तळणीला नको. हॉटेलांसाठी खाद्यतेलात पोलर घटक, म्हणजे तेल वारंवार तापून तयार होणारे बिघडलेले पदार्थ, पंचवीस टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यायचा नियम २०१८ पासून आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं. रंग काळपट, तेल जाड आणि फेस बारीक साबणासारखा टिकून राहायला लागला की वेळ झाली समजा.

साठवण. तेलाचे शत्रू चार: हवा, उजेड, उष्णता आणि तांबं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल ठेवू नका, तांब्याचा अंशही खवट होण्याची क्रिया वेगात लावतो. स्टीलचा डबा काठोकाठ भरून घट्ट झाकण, रोजच्यासाठी लहान बरणी वेगळी, आणि ती गॅसच्या शेजारी नाही. नव्या तेलात जुन्याचा तळ मिसळू नका. खवटपणा विरजणासारखा पुढे लागतो. नीट नितळलेलं शेंगदाणा तेल सहा महिने सहज राहतं, करडई मी तीनच्या आत संपवतो. म्हणून वर्षाचं तेल एकदम काढायचा जुना हट्ट सोडा. दाणे शेंगेतच ठेवा, टरफल हे त्यांचं सगळ्यात चांगलं पांघरूण, आणि तीन-चार महिन्यांचं काढून आणत जा.

तुमच्याकडे आत्ता जे सहा लिटर आहे ते तीन दिवस स्वस्थ ठेवून गाळून घ्या. मग चमचाभर कोमट करून वास घ्या. भाजलेल्या दाण्यासारखा वास आला तर बिनधास्त वापरा. रंगपेटी किंवा जुन्या खोबऱ्यासारखा आला, घशाला खवखवलं, तर ते देवघरातल्या समईला द्या. आणि पुढच्या वेळी घाण्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनाच दाणे निवडायला बसवा. त्यांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असणार.